शब्द एक, वाक्ये तीन : ॲलोफोन

इकडच्या शाळांत मुलांना आठवड्याचे शब्द मिळतात, हे आता आपल्या घरोघरी पाठ झाले आहे. स्पेलिंग घोकायचे, डिक्शनरीतून अर्थ उतरवायचा आणि शब्दाचा तीन वाक्यांत उपयोग करून दाखवायचा. रविवारी रात्री जेवणे आटोपली की कुणाला तरी आठवते की हे राहिलेच आहे, आणि मग आई भांडी आवरता आवरता वाक्ये सुचवू लागते. तसे आपल्याला यात नवल नाही. 'पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाचे मार्क मिळवतच आपण मोठे झालो, आणि आपल्यातल्या कित्येकांचे आजोबा तर्खडकरांच्या भाषांतरमालेतली वाक्ये घोकूनच इंग्रजी शिकले. फरक एवढाच, की तर्खडकरांचे शब्द परक्यांच्या देशाचे असत आणि आता शब्द आपल्याविषयीच निघू शकतो.

असा एक शब्द मध्यंतरी शनिवारच्या मराठी वर्गात आला. सातवीतल्या एका मुलीने वही पुढे केली. "काका, याला मराठीत काय म्हणायचं?" शब्द होता 'ॲलोफोन'. बाहेर चहा घेत उभ्या असलेल्या पालकांत लगेच तर्क सुरू झाले. एकाला ते सॅक्सोफोनच्या जातीतले वाद्य वाटले. दुसऱ्याच्या मते ही टेलिफोन कंपनीची काहीतरी नवी योजना असणार, आणि महिन्याला किती पडतात तेही त्यांनी विचारून घेतले. शेवटी मुलीनेच खुलासा केला. पुस्तकाच्या मागच्या शब्दसूचीत तिने अर्थ पाहिला होता. म्हणाली, "इट मीन्स अस." म्हणजे, आपण.

तिचे उत्तर बरोबर होते, आणि शब्द दिसतो त्याहून बराच खोल आहे. म्हणून या अंकात त्यालाच धरले आहे.

आधी त्याची फोड करू. शब्द ग्रीक मुळांतून घडवलेला आहे. 'ॲलोस' म्हणजे दुसरा, इतर. 'फोने' म्हणजे आवाज, वाणी. त्यातला 'फोन' आपल्या रोजच्या वापरातला. पण 'ॲलो'ही मराठी घरात नवा नाही. आपण ज्याला 'ॲलोपॅथी' म्हणतो त्यातला ॲलो हाच. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी आपल्या पद्धतीहून इतर असलेल्या उपचारांना ते नाव दिले, आणि काही कौतुकाने दिले नाही. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी बनवला, त्यातही तोच आहे. त्याच ॲलर्जीपायी आपली दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी इथल्या मुलांच्या डब्यातून हद्दपार झाली. आम्हा रसायनवाल्यांना तो भेटतो 'ॲलोट्रोप'मध्ये. कार्बन तोच, पण एका मांडणीत हिरा आणि दुसऱ्या मांडणीत पेन्सिलीतले ग्राफाइट. स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८४१ च्या सुमारास ही संज्ञा रूढ केली. लॅटिन मुळाचा 'एलियन' आणि साधा इंग्रजी 'एल्स' हे या ॲलोचे दूरचे भाऊबंद. एकाच कुळात 'परका' आणि 'आणखी काही' असे दोघेही निघाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता कॅनडातला अर्थ. ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही आणि फ्रेंचही नाही, तो ॲलोफोन. इंग्रजीवाला अँग्लोफोन, फ्रेंचवाला फ्रँकोफोन, आणि उरलेले सगळे ॲलोफोन. या अर्थाने हा शब्द क्वेबेकच्या फ्रेंचमधून कॅनडाच्या इंग्रजीत आला. मॉन्ट्रियलच्या वर्तमानपत्रांत तो नित्याचा आहे, ऑंटारिओत कमी, आणि कॅनडाबाहेर तर या अर्थाने तो कुणाला फारसा ठाऊकच नाही. न्यू जर्सीच्या मावसभावाला सांगून पाहा, तो सॅक्सोफोनच म्हणेल. उच्चार करताना सगळा जोर पहिल्या 'ॲ'वर द्यायचा आणि 'लो' जवळजवळ गिळून टाकायचा. आपण तिन्ही अक्षरांना सारखा मान देतो, तसा इथे देत नाहीत.

वाक्यात वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. हा शब्द नाम म्हणूनही चालतो आणि विशेषण म्हणूनही. 'ॲन ॲलोफोन' म्हणता येते, 'ॲलोफोन स्टूडंट्स' असेही म्हणता येते. मात्र 'ही स्पीक्स ॲलोफोन' हे वाक्य चूक, कारण त्या नावाची भाषा नाही. ॲलोफोन म्हणजे इंग्रजी न येणारा, असेही नव्हे. इंग्रजीत प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवलेला मनुष्यही ॲलोफोनच राहतो, कारण प्रश्न पहिल्या भाषेचा आहे, येणाऱ्या भाषेचा नाही. तसाच हा 'इमिग्रंट'चा समानार्थीही नाही. लंडनहून काल उतरलेला इंग्रज इमिग्रंट आहे पण ॲलोफोन नाही. व्हॅनकूव्हरमध्ये जन्मून आजीच्या मांडीवर पंजाबी शिकलेला मुलगा ॲलोफोन आहे पण इमिग्रंट नाही. आणि क्री किंवा इनुक्टिटुट ज्यांची मातृभाषा, त्यांचे काय? मोजणीच्या हिशेबाने तेही इंग्रजी-फ्रेंच सोडून 'इतर'. त्यांच्या भाषा इथे इंग्रजीच्या कितीतरी आधीच्या. खुद्द 'कॅनडा' हे नाव सेंट लॉरेन्सकाठच्या इरोक्वाई लोकांच्या 'कनाटा', म्हणजे गाव, या शब्दावरून आले. तेव्हा देशाचे नावच 'इतर' भाषेतले आहे. (हे वाक्य मुलांना द्यायला हरकत नाही, बाईंनाही आवडेल.)

त्या मुलीने लिहिलेले पहिले वाक्य असे होते : 'माय ग्रँडमदर इज ॲन ॲलोफोन.' व्याकरणाला धरून आहे. पण तिची आजी साताऱ्याला असते. तिथे आजी ॲलोफोन कशी? साताऱ्याच्या भाजीमंडईत ॲलोफोन ठरेल तो चुकून तिथे पोचलेला टोरांटोकर. हा शब्द माणसाला चिकटत नाही, माणूस कुठे उभा आहे त्याला चिकटतो. शेवटी तिने त्याला शेपूट जोडले, 'व्हेन शी व्हिजिट्स अस इन समर', आणि वाक्य पक्के झाले.

आकड्यांतही ही गंमत दिसते. भारताच्या २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते. कॅनडाची २०२१ ची सगळी लोकसंख्या सुमारे ३ कोटी ७० लाख. म्हणजे दोन कॅनडा भरून वर उरतील एवढ्यांची भाषा इथे 'इतर'च्या रकान्यात बसते. आणि तो रकानाही काही ओस पडलेला नाही. २०२१ साली इंग्रजी-फ्रेंचखेरीज दुसरी मातृभाषा असणारे इथे सुमारे ९० लाख होते, म्हणजे साधारण चारांत एक.

तिचे दुसरे वाक्य, 'देअर आर मेनी ॲलोफोन स्टूडंट्स इन माय क्लास', यात काही सांगण्यासारखे नाही. पण हेच वाक्य मॉन्ट्रियलच्या मुलाने लिहिले असते तर त्यामागे बराच इतिहास उभा राहिला असता. तो थोडक्यात सांगायला हवा, कारण या शब्दाला धार तिकडेच आली.

१९६३ साली केंद्र सरकारने द्विभाषिकता आणि द्विसंस्कृती यांवर रॉयल कमिशन नेमले. देश दोन भाषांचा, दोन संस्कृतींचा, असे गृहीतच होते. त्यावर प्रेअरी प्रांतांतले युक्रेनियन उठले. आमच्या आजोबांनी इथली जमीन नांगरली, मग आम्ही कोणत्या संस्कृतीत? सेनेटर पॉल युझिक यांनी १९६४ मध्ये सेनेटमधल्या भाषणात दोघांपलीकडच्या तिसऱ्या शक्तीची भाषा केली. कमिशनला मग 'इतर वांशिक गटां'च्या योगदानावर एक वेगळा खंडच काढावा लागला, आणि ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पिएर ट्रुडो यांनी बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केले. आज आपण कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये गणपती बसवतो, त्याच्या मुळाशी युक्रेनियन शेतकऱ्यांचा तो हट्टही आहे. आपल्या मंडळींना हे फारसे ठाऊक नसते.

क्वेबेकचा प्रश्न निराळा होता. तिथे येणारे इमिग्रंट मुलांना इंग्रजी शाळेत घालत, कारण उत्तर अमेरिकेत पोट इंग्रजीवर भरते. फ्रेंच लोकांना वाटे, असेच चालले तर दोन पिढ्यांत मॉन्ट्रियल आपल्या हातून जाईल. म्हणून १९७७ च्या ऑगस्टमध्ये बिल १०१ आले आणि इमिग्रंटांच्या मुलांनी सरकारी पैशाच्या फ्रेंच शाळेतच जायचे, असे ठरले. आईबापांपैकी कुणी भारतात इंग्रजी माध्यमात शिकले असेल तरी ते चालत नाही. तेव्हापासून ॲलोफोन हा तिथे नुसता मोजणीचा शब्द राहिला नाही. ॲलोफोनाची मुले कोणत्या बाजूला झुकतात, यावर प्रांताचे भविष्य ठरणार होते. ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात क्वेबेक वेगळे होण्याच्या विरुद्ध ५०.५८ टक्के आणि बाजूने ४९.४२ टक्के मते पडली. फरक साधारण ५४ हजार मतांचा. त्या रात्री प्रीमियर जाक पारिझो यांनी पराभवाचे खापर पैशावर आणि 'एथ्निक' मतांवर फोडले, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा जाहीर केला. ज्यांच्या घरी त्या रात्री टीव्ही चालू होता, त्यांना 'इतर' या शब्दाचे वजन डिक्शनरी न उघडताच कळले असेल.

आमचे मत विचाराल तर क्वेबेकच्या फ्रेंच माणसाला आपण मराठी माणसांनी तरी नावे ठेवू नयेत. आपल्या भाषेचे आपल्याच शहरात काय होणार, ही काळजी मुंबईकराला समजावून सांगावी लागत नाही. आणि बिल १०१ चा एक परिणाम कुणी योजलेला नव्हता. मॉन्ट्रियलच्या आपल्या घरांतली मुले शाळेत फ्रेंच, रस्त्यावर इंग्रजी आणि घरी मराठी, अशी तीन-तीन भाषांत वाढली. टोरांटोकडची दोनांतच अडतात, आणि कित्येक एकातच.

या शब्दाला दुसराही अर्थ आहे, भाषाशास्त्रातला, आणि जगात इतरत्र तोच चालतो. एकच ध्वनी ठिकाण बदलले की थोडा वेगळा उमटतो, पण बोलणाऱ्यांना तो एकच वाटतो. अशा प्रत्येक रूपाला त्या ध्वनीचा ॲलोफोन म्हणतात. हे घरच्या घरी करून पाहता येते. कागदाची एक अरुंद पट्टी ओठांसमोर धरा आणि इथे वाढलेल्या मुलाला 'पिन' म्हणायला सांगा. पट्टी फडफडते. आता 'स्पिन' म्हणायला सांगा. पट्टी हलत नाही. पहिल्या 'प'मध्ये हवेचा झोत आहे, दुसऱ्यात नाही. इंग्रजी कानाला दोन्ही सारखेच. आपल्याला मात्र झोताचा आणि बिनझोताचा असे दोन निरनिराळे ध्वनी ऐकू येतात, बाराखडीत ते शेजारी शेजारी बसवून आपल्याला शिकवलेले आहेत. मोठ्यांनी 'पिन' म्हणून पाहावे, आपली पट्टी हलणार नाही. म्हणूनच आपला पराग काउंटरवर नाव सांगतो आणि कार्डावर 'बराग' छापून येतो. कारकुनाचे कान खराब नसतात. त्याच्या भाषेत सुरुवातीचा 'प' झोताशिवाय येतच नाही, मग तो 'ब'च असणार, असे तो धरून चालतो. पाट, पाठ आणि कांद्याची पात हे तीन शब्द त्याला एकच ऐकू येतात. तिन्हींवर बसता येते असे त्याला वाटले तरी आपण हसू नये.

कारण उलटही घडते. 'व्हाइन' आणि 'वाइन' यांत आपण गोंधळतो आणि मुले टेबलाखाली पाय मारून हसतात. आपला 'व' कधी ओठांकडे झुकतो, कधी दातांकडे, पण आपल्याला तो एकच. मौज अशी, की मराठी लेखनाने यावर फार पूर्वीच उपाय काढून ठेवला आहे. आपण 'विनिपेग' लिहितो आणि 'व्हॅनकूव्हर' लिहितो. इंग्रजीतल्या दोन अक्षरांसाठी 'व' आणि 'व्ह' अशी वाटणी मराठी छपाईत रुळलेली आहे. हात बरोबर लिहितो, जीभ ऐकत नाही. ज्यांना मुलांच्या हसण्याचा फार त्रास होतो त्यांनी शब्द मनात देवनागरीत लिहून पाहावा आणि 'व्ह' दिसला की वरचे दात खालच्या ओठावर टेकवावेत.

आणि मुलांनीही फार हसू नये. 'अबाउट' आणि 'हाउस' यांतला कॅनेडियन स्वर अमेरिकन माणसाला 'अबूट'सारखा ऐकू येतो आणि तो तेवढ्यावरून यांना ओळखतो. 'लाउड'मधला स्वर निराळा आणि 'आउट'मधला निराळा, पण इथल्यांना तो फरक ऐकूच येत नाही. टोरांटो विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ जे. के. चेंबर्स यांनी १९७३ मध्ये याला 'कॅनेडियन रेझिंग' असे नाव दिले. ज्याचा कान ज्या घरात घडला, त्याला त्या घराचे चढउतार ऐकू येत नाहीत.

या दुसऱ्या अर्थाचा शब्द बनवण्याचे श्रेय बेंजामिन ली व्होर्फ यांना दिले जाते. आम्हाला त्यांच्याविषयी थोडी आपुलकी आहे, कारण ते शिक्षणाने केमिकल इंजिनियर. १९१८ साली एमआयटीतून पदवी घेतली आणि जन्मभर हार्टफर्डच्या एका आगविमा कंपनीत नोकरी केली. भाषांचा अभ्यास हा फावल्या वेळचा. आगींच्या चौकशीत त्यांना दिसले, की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात आणि 'रिकाम्या' पिंपांजवळ निर्धास्त सिगारेट ओढतात. खरे तर धोका रिकाम्याशी अधिक. भरलेल्या पिंपात हवेला जागा नसते. रिकाम्यात उरलेली पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण होते, आणि ठिणगी पुरते. लोक पिंपाशी वागत नव्हते, पिंपावरच्या शब्दाशी वागत होते. 'रिकामे' हा शब्द पिंपात काय नाही ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही. कॅनडातला 'ॲलोफोन'ही तसाच. इंग्रजी नाही, फ्रेंच नाही, एवढेच तो कळवतो. आत मराठी आहे की तमिळ की तागालोग, याची चौकशी ज्याची त्याने करायची.

आता त्या मुलीचे तिसरे वाक्य. या लेखाचे खरे कारण तेच. तिने लिहिले होते : 'आय वॉज ॲन ॲलोफोन व्हेन आय वॉज लिटल.' मी लहान असताना ॲलोफोन होते.

वाक्य बिनचूक आहे. शिक्षिकेने त्यावर बरोबरची खूण केलीही असेल. आम्ही मात्र त्या 'वॉज'पाशी थांबलो. मातृभाषा ही भूतकाळात जाणारी वस्तू आहे का?

भारताच्या जनगणनेला विचारले तर नाही. तिथली व्याख्या अशी, की लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती त्याची मातृभाषा. आई लहानपणीच वारली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. झाले. एकदा आई बोलली की ती नोंद जन्माची, पुढे तुम्ही भाषा विसरा नाहीतर साता समुद्रापलीकडे जा.

कॅनडाची जनगणना असे विचारत नाही. इथे १९०१ पासून मातृभाषेची नोंद होते आणि आजच्या प्रश्नाचा आशय असा : या व्यक्तीने लहानपणी घरी प्रथम शिकलेली आणि अजूनही समजत असलेली भाषा कोणती? सगळी मेख त्या 'अजूनही'त आहे. पहिली भाषा आता समजत नसेल तर दुसऱ्या क्रमांकाला शिकलेली भाषा मातृभाषा म्हणून लिहा, अशी सूचना असते. म्हणजे भारतात मातृभाषा ही आईने केलेली गोष्ट आहे आणि कॅनडात ती मुलाने टिकवायची गोष्ट आहे. इथे माणूस ॲलोफोन म्हणून सुरुवात करून अँग्लोफोन होऊ शकतो, आणि ते कुठल्या कचेरीत जाऊन करावे लागत नाही. आपोआप होते, साधारण ज्युनियर किंडरगार्टनपासून पुढे.

आपल्या घरांत हे कसे घडते ते सगळ्यांनी पाहिले आहे. अजून न बोलणाऱ्या तान्ह्या मुलाच्या नावापुढे, घरात त्याच्याशी जास्तीत जास्त बोलली जाणारी भाषा लिहायची असते. म्हणजे आपली बहुतेक बाळे ॲलोफोन. थोरली पाच वर्षांची होऊन इकडे आली, तिचे मराठी पक्के. धाकटा इथलाच. आई म्हणते, "दूध पी." तो म्हणतो, "आय डोन्ट वाँट इट." पालक हळहळतात. पण प्रश्न नीट वाचला तर हळहळण्याचे कारण नाही. प्रश्नात 'समजते का' असे आहे, 'बोलता का' असे नाही. दूध नको म्हणायला आधी दूध कळावे लागते. तो पोरगा नियमाप्रमाणे अजून आपल्या रकान्यात आहे.

मात्र समजणेही एका पायरीने उतरत जाते. 'जेवलास का?' हे सगळ्यांना कळते. आजी फोनवर म्हणते, "काय रे, तोंड का पाडलंस?" आणि नातू आईकडे वळून विचारतो, 'मी काय पाडलं?' दूध, अंघोळ, चप्पल, झोप एवढ्या शब्दांवर उभे असलेले मराठी बाराव्या वर्षाला पुरत नाही. त्या वयात मुलाला मैत्रिणीचा राग, शाळेतला अपमान, देव आहे की नाही, हे बोलायचे असते, आणि त्यासाठीचे शब्द त्याला आपण दिलेले नसतात. मग तो ते इंग्रजीत बोलतो, बहुधा आपल्याशी नाही. वर्गात आम्ही बाराखडीवर जेवढा वेळ घालवतो त्याच्या निम्मा जरी अशा बोलण्यावर घालवला तर बरे, असे आमचे मत होत चालले आहे. बाराखडी एका सुट्टीत येते.

फॉर्म कोण भरतो, हाही प्रश्न आहेच. घरातले एक मोठे माणूस, बहुधा वडील, सगळ्यांच्या वतीने भरते. मुलाला काय समजते याचा निर्णय बाप एका बैठकीत देऊन टाकतो. काही जण अभिमानाने सगळ्यांपुढे मराठी लिहितात. काही जण मुलांपुढे इंग्रजी लिहितात, कारण 'त्यांना पुढे त्रास नको'. ही भीती निराधार आहे. एकेकाचे उत्तर गुप्त राहते, शाळेतल्या प्रवेशाशी त्याचा संबंध नाही. उलट कोणत्या भाषेचे किती लोक कुठे राहतात, हे त्या आकड्यांवरूनच कळते. ऑंटारिओने १९७७ साली, म्हणजे बिल १०१ च्याच वर्षी, हेरिटेज लँग्वेजेसचे वर्ग सुरू केले. पुढे त्यांचेच नाव इंटरनॅशनल लँग्वेजेस झाले. असा वर्ग मागायला गेले की पहिला प्रश्न असतो, तुम्ही किती जण?

दोन भाषा एकदमच शिकलेल्या मुलांसाठी वाट आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही शाळेआधी घरात एकाच वेळी कानावर पडल्या, सारख्याच वापरात होत्या आणि दोन्ही अजून समजतात, तर दोन्ही लिहिता येतात. जनगणना दर ५ वर्षांनी, १ आणि ६ ने संपणाऱ्या साली येते. तेव्हा शक्यतो मुलाला शेजारी बसवून त्याच्या रांगेतले उत्तर त्यालाच विचारावे. आमच्या ओळखीच्या एका घरात २०२१ साली असेच केले. आठ वर्षांच्या धाकट्याला वडिलांनी प्रश्न मराठीत समजावून सांगितला. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "बट बाबा, 'अजूनही समजते' म्हणजे हाऊ मच?" वडिलांना उत्तर सुचेना. ओट्यापाशी पोळ्या लाटणाऱ्या आईने मागे न वळताच सांगितले, "आत्ता बाबा काय म्हणाले ते कळलं ना? मग लिही."